रोझरी, क्रूस, मेडल: फादरांकडून वस्तू आशीर्वादित करून घेताना

नवी रोझरी (प्रार्थनेची जपमाळ), गळ्यातलं मेडल, भिंतीवर लावायचा क्रूस, घरच्या आल्तारावरची (देव्हाऱ्यातली) मूर्ती. यातली कोणतीही वस्तू कॅथलिक धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घेणं हे एका मिनिटाचं काम आहे. त्याला फी नाही, फॉर्म नाही, बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागत नाही. घोळ होतो तो बहुतेक दोनच कारणांनी: फादरांना भलत्याच वेळी गाठलं जातं, नाहीतर वस्तूच तयार नसते.

कोणाकडे जायचं

आपल्याकडे ख्रिस्ती मंडळ्या अनेक आहेत. पुणे, अहिल्यानगर, मुंबई अशा ठिकाणी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट वगैरे प्रोटेस्टंट चर्चेस आहेत आणि तिथे पाळक किंवा पास्टर असतात. रोझरी-मेडल आशीर्वादित करण्याची रीत त्यांच्याकडे नाही. नवख्या माणसाला बाहेरून फरक कळत नाही, म्हणून चर्चचा बोर्ड वाचा. त्यावर धर्मप्रांताचं नाव (मुंबई महाधर्मप्रांत, वसई धर्मप्रांत, पुणे धर्मप्रांत) आणि मिस्सांच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळा असतील, तर ते कॅथलिक चर्च.

आपलंच धर्मग्राम (आपल्या भागाचं चर्च) असायला हवं असंही नाही. प्रवासात असाल तर वाटेतल्या कोणत्याही कॅथलिक चर्चमधले फादर चालतात. प्रमुख धर्मगुरूंनाच विचारायला हवं असं नाही, सहाय्यक फादर किंवा सुट्टीवर आलेले पाहुणे फादरही हे करू शकतात. डीकन, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक, तेही करू शकतात. मुंबई महाधर्मप्रांतात लग्न झालेले, संसारी कायमस्वरूपी डीकन आहेत. मिस्सेत फादरांच्या बाजूला एका खांद्यावरून तिरका पट्टा घेतलेले दिसतात ते.

सिस्टर, ब्रदर, सेमिनरीत (फादर होण्यासाठी) शिकणारे तरुण आणि धर्मशिक्षण देणारे शिक्षक हा विधी करू शकत नाहीत. पांढरा झगा दिसला की लोक ब्रदरनाच वस्तू पुढे करतात. तो बिचारा संकोचून फादरांकडे बोट दाखवतो.

वस्तू मागणारा कॅथलिकच असावा लागतो का? नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे आशीर्वाद प्रामुख्याने कॅथलिकांसाठी असले तरी, चर्चने विशेष मनाई केली नसेल तिथे ते इतरांनाही देता येतात. मिश्र विवाहातली सून सासूबाईंची रोझरी घेऊन आली, किंवा वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला नवस बोललेला शेजारी मेडल घेऊन आला, तर कोणी त्यांना परत पाठवत नाही. फक्त आपण कॅथलिक नाही हे लपवू नका. उलट सांगितलंत तर फादर ती वस्तू कशी वापरायची हेही दोन शब्दांत सांगतील.

काय नेता येतं

रोझरी, क्रूस, मेडल, स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे दोरीने जोडलेले दोन छोटे कापडी तुकडे), येशू-मारिया-संतांच्या मूर्ती आणि तसबिरी, बायबल, प्रार्थनेचं पुस्तक, मेणबत्त्या, पाणी, मीठ. घर आणि गाडीसाठीही आशीर्वाद आहेत, पण तो वेगळा विषय. त्यासाठी फादरांना तिथे यावं लागतं आणि वेळ ठरवावी लागते. मूर्ती दीड-दोन फुटांची असेल तर ती रिक्षातून नेण्यापेक्षा घराच्या आशीर्वादाच्या दिवशीच एकत्र उरकणं सोयीचं. प्लास्टरची मूर्ती रिक्षात एकदा आपटली की आधी नाक जातं, मग बोटं.

नजर लागू नये म्हणून केलेले ताईत, राशीच्या खड्यांत क्रूस बसवलेल्या अंगठ्या, 'अकरा जणांना पाठवा' छापाची कार्डं यांना फादर नकार देतील आणि ते योग्यच आहे. आशीर्वाद ही प्रार्थना आहे, तोडगा नाही. विधीच्या पुस्तकातल्या प्रार्थनाही वस्तूपेक्षा ती वापरणाऱ्या माणसासाठीच जास्त बोलतात.

गावाच्या वेशीवरचा किंवा सोसायटीच्या आवारातला क्रूस ही खासगी वस्तू नव्हे. वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत असे क्रूस पावलोपावली आहेत, पण नवा उभारायचा तर आधी प्रमुख धर्मगुरूंशी बोलावं लागतं, शिवाय जागेच्या परवानग्या असतात. तो मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीच्या) दारात सुटणारा प्रश्न नाही.

नेण्याआधी तपासा

सगळ्यात जास्त तपासावी लागते ती रोझरी. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या रोझऱ्यांत मण्यांची चूक सर्रास असते. पाच दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) नेहमीची रोझरी ५९ मण्यांची: 'नमो मरिये'चे ५३ आणि 'आमच्या स्वर्गातील बापा'चे ६. क्रुसापासून मोजायला लागा. एक मणी, मग तीन, मग पुन्हा एक, आणि त्यानंतर मधलं मेडल. तिथून गोल फिरताना दहा मणी, एक सुटा, दहा, एक सुटा, दहा, एक सुटा, दहा, एक सुटा, शेवटचे दहा, आणि परत मधलं मेडल. एखाद्या दशकात नऊ किंवा अकरा मणी निघतात. प्रार्थना करताना बोटं मण्यांवर विसंबलेली असतात, त्यामुळे ही चूक रोजच्या रोज खटकत राहते. दुकानदार बदलून देतो, पण आशीर्वादित झालेली वस्तू परत विकायला देणं बरं नाही. म्हणून मोजणी दुकानातच करा.

तारेची रोझरी असेल तर प्रत्येक कडी नखाने दाबून पाहा. कडीचं तोंड उघडं असेल तर दोन महिन्यांत ती तिथेच सुटणार. बारीक पकडीने तोंड बंद करून घ्या. क्रुसावरची येशूची आकृती हलत असेल तर एक थेंब गोंद लावा. ही कामं नंतर केली तरी आशीर्वाद जात नाही, दोरा बदलला किंवा कडी जोडली म्हणून पुन्हा फादरांकडे धावायचं कारण नाही. तरी तुटकी वस्तू हातात ठेवून आशीर्वाद मागणं अवघड वाटतं.

किमतीचं लेबल काढा. प्लास्टिकच्या पाकिटातून आणि डबीतून वस्तू बाहेर काढा. पाकिटावरून प्रार्थना केली तर ती निष्फळ ठरते असं नाही, पण पवित्र पाणी पाकिटावर पडतं आणि फादरांनाही आत काय आहे ते दिसत नाही. मूर्ती घरी धुळीची असेल तर ओल्या फडक्याने पुसून न्या. कागदी चित्र आधी फ्रेम करून, काच लावून न्या. बिनकाचेच्या चित्रावर पाण्याचे थेंब पडले की शाई पसरते.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: 'हे माउंट मेरीला मूर्तीला लावून आणलंय, आता वेगळा आशीर्वाद हवा का?' हवा. मूर्तीला, वेदीला किंवा जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीच्या दिशेने वस्तू धरणं ही भक्ती झाली. धर्मगुरूंची प्रार्थना त्यात आली नाही. तसंच यात्रेच्या ठिकाणी कोणी 'आशीर्वादित रोझरी' म्हणून विकत असेल तर ती साधी रोझरी समजूनच घ्या आणि घेतल्यावर आशीर्वादित करून घ्या.

आजीची रोझरी वारशाने आली असेल तर पुन्हा काही करायला नको. भेट मिळालेल्या वस्तूचंही तेच. विकली गेलेली वस्तू मात्र वेगळी. आशीर्वादित वस्तूला जोडलेला इंडल्जन्स (पापांच्या शिक्षेतून चर्च देतं ती सूट) ती नष्ट झाली किंवा विकली गेली तरच संपतो, असा नियम आहे. जुन्या बाजारातून घेतलेला क्रूस म्हणून नव्यासारखाच न्यावा.

वेळ

मिस्सेच्या आधी विचारू नका. फादर सॅक्रिस्टीत झगा चढवत असतात, वाचकाने पान चुकीचं उघडलंय हे बघत असतात, कोणीतरी मृतांच्या नावांची चिठ्ठी आणून देत असतं. तिथे रोझरी पुढे केली तर 'नंतर या' हेच उत्तर मिळेल.

मिस्सा संपल्यावर पाच मिनिटांनी विचारा. बऱ्याच चर्चेसमध्ये फादर मुख्य दारात लोकांना भेटायला थांबतात. तिथे रांग असेल तर शेवटी उभे राहा. दारात नसतील तर सॅक्रिस्टीच्या दाराशी. आत शिरायच्या आधी तिथल्या सॅक्रिस्टनला (सॅक्रिस्टी सांभाळणाऱ्या माणसाला) विचारावं.

रविवारच्या सकाळपेक्षा आठवड्यातली संध्याकाळची मिस्सा कधीही बरी. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये रविवारी एकामागून एक मिस्सा असतात आणि फादरांना पुढची गाठायची असते. मंगळवारच्या मिस्सेला पन्नास माणसं असतात आणि फादरांना बोलायला सवड असते. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दिवसभर नोव्हेना (ठरावीक भक्तीप्रार्थना) चालते, गर्दी प्रचंड. तिथे एकट्याने फादरांना गाठण्यापेक्षा मिस्सेच्या किंवा नोव्हेनाच्या शेवटी वस्तूंना सामूहिक आशीर्वाद आहे का, हे तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. वांद्र्याची सप्टेंबरची जत्रा आणि गोव्यातला सेंट फ्रान्सिस झेवियरचा ३ डिसेंबरचा फेस्त (सण) यांनाही हेच लागू.

टाळायच्या वेळा: कन्फेशनची (पापांच्या कबुलीची) रांग, लग्न, दफनविधी, पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) आणि नाताळच्या आधीचे तीन-चार दिवस. आणि कम्युनियनच्या (परमप्रसाद घेण्याच्या) रांगेत तर चुकूनही नको. त्या वेळी फादरांच्या एका हातात परमप्रसादाचं पात्र असतं, दुसऱ्या हाताने ते परमप्रसाद देत असतात.

मिस्सेला जाणं जमत नसेल तर धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन करा. कार्यालयाच्या वेळा बोर्डावर असतात, त्या वेळेत गेलात की फादर सहसा भेटतात.

काय म्हणायचं

लांबण नको. नमस्कार करा किंवा 'गुड इव्हनिंग, फादर' म्हणा आणि सरळ विचारा: 'फादर, ही रोझरी आशीर्वादित करून द्याल का?' वस्तू उघड्या तळहातावर किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरा. रोझरी मुठीत गुंडाळू नका, मोकळी सोडा. बायबल असेल तर उघडून धरा. मेडल साखळीत असेल तर गळ्यातून काढून हातावर घ्या.

मुंबईत फादर गोव्याचे, मंगळुरूचे किंवा केरळचे असू शकतात. मराठी कळलं नाही तर हिंदी किंवा इंग्रजीत विचारा. प्रार्थना ते कोणत्या भाषेत म्हणतात याने काही फरक पडत नाही.

विशिष्ट विनंती असेल तर आधीच सांगा. 'माझ्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनसाठी आहे' किंवा 'आई आजारी आहे, तिच्यासाठी घेतलीय' एवढं एक वाक्य पुरतं. बरेच फादर त्या माणसाचं नाव विचारून प्रार्थनेत घेतात.

फादर वस्तूकडे बघून छोटी प्रार्थना म्हणतील, तिच्यावर हाताने क्रुसाची खूण करतील, पवित्र पाणी जवळ असेल तर शिंपडतील. तुम्ही 'आमेन' म्हणा आणि स्वतःवर क्रुसाची खूण करा. १९८४ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या आशीर्वादांच्या विधिग्रंथात लांब विधीही आहे, त्यात बायबलचं वाचन आणि विनवण्या येतात. पण एकट्यादुकट्या वस्तूसाठी त्यातच एका वाक्याचा संक्षिप्त आशीर्वाद दिलेला आहे. म्हणून पंधरा सेकंदांत झालं तर काही राहिलं असं समजू नका. नुसता हात फिरवून, एकही शब्द न बोलता आशीर्वाद देणं मात्र त्या ग्रंथालाच सहसा मान्य नाही, प्रार्थना हवी. गर्दीतून चालता चालता फादरांनी तसं केलं तर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी निवांत वेळी पुन्हा विचारा.

पाणी पडलेली वस्तू रुमालाने टिपून घ्या. पॉलिशच्या साखळ्या ओल्याच डबीत ठेवल्या की काळ्या पडतात.

पैसे देऊ नका. आशीर्वाद विकत घेण्याची गोष्ट नाही, आणि फादरांच्या हातात नोट कोंबली की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. द्यावंसं वाटलंच तर चर्चमधल्या दानपेटीत टाका. कोणाच्या नावाने मिस्सा सांगायची असेल तर तो वेगळा व्यवहार आहे, तो कार्यालयात नोंदवून, तिथली ठरलेली देणगी देऊन होतो. दोन्हींची सरमिसळ करू नका.

स्कॅप्युलर आणि सेंट बेनेडिक्ट मेडल

कार्मेलच्या मातेचं तपकिरी स्कॅप्युलर नुसतं आशीर्वादित करून भागत नाही. ते पहिल्यांदा गळ्यात घालताना धर्मगुरू एक छोटा विधी करून त्या व्यक्तीला स्कॅप्युलरधारकांत सामील करून घेतात. म्हणून 'फादर, स्कॅप्युलर घालून द्याल का? पहिल्यांदाच घेतोय' असं स्पष्ट सांगा, आणि ज्याला घालायचं त्यालाच सोबत न्या. १६ जुलैला, कार्मेल मातेच्या सणाला, काही ठिकाणी हा विधी एकत्रित होतो. एकदा सामील झालात की जुनं झिजल्यावर नवं घालताना पुन्हा विधी लागत नाही. कापडाऐवजी स्कॅप्युलरचं मेडल घालायला १९१० पासून परवानगी आहे, पण असं प्रत्येक नवं मेडल वेगळं आशीर्वादित करावं लागतं. आपल्या दमट हवेत गळ्यातलं लोकरीचं कापड घामाने लवकर कुजतं आणि काहींना पुरळ येतं, म्हणून मेडलचा पर्याय माहीत असलेला बरा.

सेंट बेनेडिक्ट मेडलसाठी जुन्या विधीत लांब प्रार्थना आहे आणि काही भक्त तिचाच आग्रह धरतात. ती म्हणायची की नेहमीचा आशीर्वाद द्यायचा, हे फादरांवर सोडा. मोबाइलवर ती प्रार्थना उघडून त्यांच्यापुढे धरू नका.

पाणी, मीठ, मेणबत्त्या

चर्चमध्ये सहसा पवित्र पाण्याची टाकी किंवा नळाचं पिंप असतं. तिथून भरून घ्या. दारातल्या शिंपल्यासारख्या भांड्यातून बाटली भरू नका, त्यात दिवसभर शेकडो बोटं बुडतात. घरी महिन्याभराला पाव लिटर पुष्कळ होतं. बाटली आधी धुऊन वाळवलेली असावी आणि तिच्यावर चिठ्ठी असावी, नाहीतर फ्रिजजवळ ठेवलेली बाटली कोणीतरी पिऊन टाकतं. उन्हात ठेवलेल्या पाण्याला हिरवी शेवाळ धरते, म्हणून सावलीत ठेवा. जुनं पाणी मोरीत न ओतता झाडाच्या मुळाशी घाला.

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत चर्चमधली पाण्याची भांडी रिकामी असतात. चर्चमध्ये पाणी संपलेलं नसतं, तो त्या दिवसांचा नियमच आहे. ईस्टरच्या रात्री नवं पाणी आशीर्वादित होतं आणि बाटल्या भरायला तीच सगळ्यात चांगली वेळ. मिठाचा आशीर्वाद हवा असेल तर साधं मीठ छोट्या झाकणाच्या डबीत न्या, किलोची पिशवी नको.

मेणबत्त्यांचा दिवस २ फेब्रुवारी. त्या दिवशी मिस्सेच्या आरंभीच त्या आशीर्वादित होतात, म्हणून उशिरा पोचणाऱ्यांच्या पिशवीतल्या तशाच राहतात. खोका उघडून, वाती मोकळ्या करून न्या, आणि हातात धरायच्या मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती लावा. माउंट मेरीच्या आसपास मिळणारे मेणाचे हात, पाय, घर, बाळ हे तिथे अर्पण करायचे असतात, घरी आणून आल्तारावर ठेवायचे नसतात.

एकदम पुष्कळ वस्तू असतील तर

पहिल्या कम्युनियनच्या मुलांना चाळीस रोझऱ्या वाटायच्या आहेत, असं असेल तर आदल्या आठवड्यात कार्यालयात कळवा. ट्रेमध्ये पांढरं फडकं घालून रोझऱ्या उघड्या पसरा, त्यांचा गुंता होऊ देऊ नका. सगळ्यांना मिळून एकच प्रार्थना पुरते. पालकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर ती आधी करा आणि आशीर्वाद नंतर. आशीर्वादित रोझरी देऊन मग पैसे घेतले की ती विक्री ठरते.

बिशपांनी किंवा पोपनी आशीर्वाद दिलेल्या वस्तूला एक जादा गोष्ट जोडलेली आहे. अशी रोझरी, क्रूस, मेडल किंवा स्कॅप्युलर भक्तिभावाने वापरणाऱ्याला २९ जूनला, पेत्र आणि पौलाच्या सणाला, विश्वासांगीकार (श्रद्धा जाहीर करणारी प्रार्थना) म्हटल्यावर पूर्ण इंडल्जन्स मिळू शकतो. कन्फेशन, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटी आहेतच. त्यासाठी रोमला जायची गरज नाही, दृढीकरणासाठी (बाप्तिस्म्यानंतरच्या एका संस्कारासाठी) बिशप धर्मग्रामात येतात तेव्हा मिस्सेनंतर विचारता येतं. रोमला जाणारच असाल तर बुधवारच्या जाहीर भेटीला वस्तू पिशवीत घेऊन बसा. शेवटी पोपचा आशीर्वाद सगळ्यांनी आणलेल्या वस्तूंनाही दिला जातो. त्या भेटीची तिकिटं फुकट असतात, कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

घरी आणल्यावर आणि मोडल्यावर

आशीर्वादित रोझरी खिशात, गळ्यात, उशीखाली कुठेही ठेवा. ती वापरण्यासाठीच आहे. फक्त किल्ल्यांच्या जुडग्यात टाकू नका, तार तिथेच तुटते. आरशाला टांगून शोभेची करण्यालाही काही अर्थ नाही.

मूर्ती भंगली, रोझरी दुरुस्तीपलीकडे गेली, तर कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. जळणारी वस्तू जाळून राख मातीत मिसळा. प्लास्टर, धातू, काच हे पायाखाली येणार नाही अशा जागी पुरा. फ्लॅटमध्ये माती नसेल तर चर्चच्या कार्यालयात विचारून तिथे द्या. न विचारता मूर्ती चर्चच्या पायरीवर किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून जाऊ नका, ते सगळं शेवटी सॅक्रिस्टनला उचलावं लागतं. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) घरी आणलेल्या झावळ्या मात्र जपून ठेवा. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या) एक-दोन आठवडे आधी बरीच चर्चेस त्या परत मागवतात, कारण त्यांचीच राख करून कपाळाला लावतात. दाराशी टोपली ठेवलेली असेल तिच्यात टाका, आधी गुंडाळलेली रिबन आणि टाचण्या काढून.